आधी आजार, मग औषध

अनेकांचे जीव घेणाऱ्या चार्ल्स शोभराजवर पुस्तकं निघाली, मालिका आल्या, हिंदी सिनेमा आला. त्याला पकडणारे पोलीस अधिकारी मधुकर झेंडे यांच्यावरही २०२५मध्ये चित्रपट आला. यातलं काहीही उघडा, एक वाक्य हटकून सापडतं: माणूस विलक्षण मोहक होता हो! मग त्याचे डोळे, त्याचे कपडे, त्याचे फ्रेंच उच्चार, त्याच्यावर भाळलेल्या बायका. गोव्यातल्या पर्वरीच्या ज्या ‘ओ कोकेरो’ रेस्टॉरंटात तो १९८६मध्ये पकडला गेला, तिथे तर त्याचा पुतळाच टेबलाशी बसवला होता. त्याने ज्यांचे जीव घेतले त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

या वर्णनांचा उपयोग शून्य आणि तोटा मोठा. असा माणूस भेटलाच तर आपण त्याला नजरेवरून ताडू, असा फाजील विश्वास त्यांतून तयार होतो. शोभराजची करामत त्याच्या चेहऱ्यात नव्हतीच. ती होती कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर, यात.

१९७५ साली बँकॉकच्या कनित हाउस या इमारतीत तो ‘आलाँ गोतिए’ या नावाने, रत्नांचा व्यापारी म्हणून राहत होता. एक तरुण फ्रेंच प्रवासी त्याच्या घरी पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. यजमान त्याला स्वतःच्या हाताने औषध पाजायचा. परक्या मुलखात आणखी काय हवं? दुखणं त्या औषधातूनच येत होतं. दोन माजी फ्रेंच पोलिसांचे पासपोर्ट गहाळ झाले, ते यानेच धावपळ करून मिळवून दिले. चोरले होते तेही यानेच. हे दोघे पोलिसात नोकरी केलेले, म्हणजे चोर ओळखणं हा त्यांचा धंदा. तरी ते भारावले आणि त्याच्याचकडे राहिले. गरज निर्माण करायची, मग ती भागवायची आणि माणूस मिंधा झाला की त्याला हवं तसं वळवायचं. गोड बोलणं हा यातला वरवरचा भाग.

पुढे तो दिल्लीच्या तिहार तुरुंगात गेला. तिथली गोष्ट याहून मासलेवाईक आहे. तिथले माजी अधिकारी सुनील गुप्ता यांनी आपल्या पुस्तकात ती सांगितली आहे. १९८१मध्ये ते नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा अधीक्षकांनी त्यांना परत पाठवलं. बाहेर हताश बसले असताना एका रुबाबदार गृहस्थाने आपुलकीने चौकशी केली, आत जाऊन त्यांचं काम करून दिलं. गुप्तांना वाटलं, कुणी बडा अधिकारी असावा. तो कैदी होता. तुरुंगाच्या अधिकाऱ्याची नोकरी कैद्याच्या शब्दावर सुरू व्हावी! पुढे १६ मार्च १९८६ला त्याच कैद्याने वाढदिवसाच्या नावाखाली पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई वाटली आणि तो फाटकातून चालत बाहेर गेला. त्याची जन्मतारीख ६ एप्रिल. तुरुंगाच्या कागदांत ती नसेल असं वाटत नाही. पण फुकटची मिठाई हातात आल्यावर तारीख कोण तपासतो?

गोड वागून माणसाला वापरून घेण्याच्या या वृत्तीची दखल मानसोपचारशास्त्राने फार पूर्वी घेतली. हर्वी क्लेक्ली या अमेरिकन डॉक्टरचा ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ हा ग्रंथ १९४१चा. कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी पुढे ती ओळखण्यासाठी वीस मुद्द्यांची जी तपासणीसूची केली, तिच्यात पहिलाच मुद्दा वरवरच्या मोहकपणाचा आणि सफाईदार बोलण्याचा आहे. याउलट समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकाराचे जे सात निकष अमेरिकन निदानसंहितेत आहेत, त्यांत मोहकपणा नाहीच. तिथे विचारतात ते वेगळंच: सतत फसवणूक, बेफिकिरी, पश्चात्तापाचा अभाव. निदानासाठी वय किमान अठरा हवं आणि वागणुकीतल्या बिघाडाची चिन्हं पंधराव्या वर्षाआधीपासून दिसायला हवीत. म्हणजे डॉक्टरसुद्धा समोरच्याच्या हसण्यावर विसंबत नाहीत. ते मागची वर्षं उलगडून बघतात. (हल्ली मोबाइलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ पाहून सासूला, साहेबाला आणि माजी नवऱ्याला हे निदान चिकटवण्याची जी टूम निघाली आहे, तिला यातला कशाचाच आधार नाही. शोभराजलाही आपण दुरून ते चिकटवू नये. त्याच्या करण्याबद्दल बोलावं, तेवढं पुरे आहे.)

खून वगैरे सोडा. तुमच्या-आमच्या आयुष्यात हा प्रकार पतसंस्थेच्या कर्जाच्या अर्जावरून येतो. ऑफिसात नवा आलेला एखादा पहिल्याच महिन्यात तुम्हाला ‘दादा’ म्हणू लागतो. तुमच्या वडिलांच्या ऑपरेशनला न सांगता हजर होतो, डबा आणतो, रात्री दवाखान्यात बसतो. साहेब तुमच्याविषयी काय वाईट बोलले तेही तोच सांगतो आणि ‘मी सांभाळून घेतलं’ हेही तोच सांगतो. साहेब खरंच तसं बोलले होते का, हे तुम्ही विचारायला जात नाही. आणि मग एके दिवशी जामीनदाराच्या रकान्यावर बोट ठेवून तो म्हणतो, “दादा, फक्त सही.”

अशा वेळी “घरी विचारून सांगतो” एवढंच म्हणून बघावं. गरजू आणि सरळ माणूस खट्टू होईल, पण “हो, विचारा की” म्हणेल. दुसऱ्या जातीचा माणूस त्या क्षणी दवाखान्यातल्या रात्रीचा विषय काढतो. “एवढा परका समजता मला?” आवाज अजून मऊच असतो, पण हिशेब मांडला गेलेला असतो. उद्या दुपारपर्यंतच मुदत आहे, हेही त्याच वेळी कळतं. मदत करणारे सगळेच असे नसतात. बहुतेक नसतातच, आणि उगाच प्रत्येक डब्याकडे संशयाने पाहू लागलो तर जगणं अवघड होईल. म्हणून डब्यावरून काही ठरवू नये. तुमच्या नकारानंतर त्या डब्याचं काय होतं, ते पाहावं.

शोभराजला ज्यांनी ओळखलं त्यांनी कसं ओळखलं, हे पाहण्यासारखं आहे. कनित हाउसच्या शेजाऱ्यांना एवढंच खटकलं की या घरातले पाहुणे फार आजारी पडतात. ते एकमेकांशी बोलले. तो नेपाळला गेलेला असताना घरातल्या पाहुण्यांना त्याच्या तिजोरीत भलत्याच माणसांचे पासपोर्ट सापडले. एकेकट्याला जे कळलं नव्हतं ते चौघांनी आपापली माहिती जुळवल्यावर दिसलं. माणसांना एकमेकांपासून तोडण्यावर या मंडळींचा एवढा भर का असतो, ते यावरून ध्यानात यावं. १९७६मध्ये दिल्लीच्या विक्रम हॉटेलात त्याने फ्रेंच विद्यार्थ्यांना जुलाबावरच्या म्हणून गुंगीच्या गोळ्या दिल्या. त्या हिशेबापेक्षा लवकर लागल्या आणि मुलं सगळ्यांदेखत कोसळू लागली, तेव्हा शुद्धीवर असलेल्यांनी त्यालाच धरलं. आणि झेंडे यांनी पर्वरीत त्याला ओळखलं ते १९७१मध्ये मुंबईत एकदा पकडलेलं होतं म्हणून.

बँकॉकमधले डच वकिलातीतले तरुण अधिकारी हर्मन क्निपेनबर्ग त्याच्या मोहकपणाच्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांनी शोभराजच्या तावडीत सापडलेल्या एका बेपत्ता डच जोडप्याचे कागद गोळा केले आणि बदल्या होत गेल्या तरी पेट्या जपून ठेवल्या. २००३मध्ये शोभराज काठमांडूच्या कॅसिनोत सापडला तेव्हा जवळजवळ तीन दशकांपूर्वीचे ते कागद नेपाळी पोलिसांच्या कामी आले. २००४मध्ये त्याला जन्मठेप झाली. चार वर्षांनी, तो चौसष्ट वर्षांचा असताना, तुरुंगात दुभाषी म्हणून भेटायला आलेल्या विशीतल्या मुलीने त्याच्याशी लग्न ठरल्याचं जाहीर केलं. तिची आई त्याची वकील होती.