बुडीत खात्यातला माणूस

जी उधारी वसूल होण्याची आशा नाही, ती व्यापारी बुडीत खाती टाकतो. हिशेबाच्या तासाला हे शिकताना मला माझा मोठा मामा आठवला. दारूपायी त्याची नोकरी गेली, मग घर गेले. दोन पावसाळे त्याने बस स्थानकात आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांवर काढले. आम्ही सर्वांनी त्याला बुडीत खाती टाकले होते. मीसुद्धा. बारावीत असताना खडेबाजारात त्याने मला नावाने हाक मारली. "कोण रे हा?" मित्राने विचारले. "ठाऊक नाही," मी म्हणालो. तो शब्द अजून माझ्या नावे पडून आहे.

पुढे गावातल्या एका सेवाभावी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्याला उचलून आधी दवाखान्यात नेले. "मनात आणले तर एका दिवसात सोडील," असे आमच्या गल्लीत सगळे म्हणत. डॉक्टरांनी आम्हाला समजावले, की वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत हात कापतात, भास होतात, झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. म्हणून औषधे आधी, उपदेश नंतर. दवाखान्यातून तो संस्थेच्या घरी गेला. तिथे पहाटे उठायचे, भाजी निवडायची, संध्याकाळी गोल करून बसायचे आणि आपले खरे सांगायचे. निम्मे कन्नडमध्ये सांगतात, निम्मे मराठीत. सीमेचा वाद तिथे कोणी काढत नाही. मामा म्हणतो, "दोन वर्षांत 'ऊटा आयता, अण्णा?' असे मला पहिल्यांदा तिथेच कोणी विचारले."

व्यसन हा आजार आहे, हे पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून मराठी माणसाला सांगत आले आहे. तरी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत दारूच्या आधीन झालेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळाल्याचे आढळले. मामा त्या भाग्यवंतांपैकी एक. पण माझा मुद्दा उपचारानंतरचा आहे.

चार महिन्यांनी तो बरा होऊन बाहेर पडला. खोली मागायला गेला की घरमालक विचारीत, "जामीन कोण?" आमची परसातली खोली रिकामी होती. बाबा म्हणाले, "पुन्हा प्याला तर?" मी गप्प बसलो. मामा पुन्हा त्याच पायऱ्यांवर गेला, त्याच सोबत्यांत. आणि नवव्या दिवशी प्याला. "बघा, मी म्हटले नव्हते?" असे सगळे म्हणाले. मित्रहो, मधुमेही माणसाची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला रस्त्यावर सोडतो का? तो प्याला म्हणून त्याला खोली मिळाली नाही, की खोली मिळाली नाही म्हणून तो प्याला?

२०१३ च्या नागरी उपजीविका अभियानात लाख वस्तीमागे किमान शंभर बेघरांच्या निवाऱ्याचे प्रमाण धरले होते. २०११ च्या शिरगणतीत आपल्या शहराची वस्ती पाच लाखांच्या जवळ होती. म्हणजे सुमारे पाचशे माणसांची सोय हवी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी खेड्यात रस्ता झाडतो. एका रात्री बस स्थानकावर किती माणसे निजतात, ते मोजायला काय हरकत आहे?

संस्थेने मामाला पुन्हा घेतले आहे, एका शब्दानेही न टोचता. दिवाळीनंतर तो बाहेर येईल. परसातली खोली अजून रिकामी आहे. हा अंक बाबा वाचतील, म्हणून या वेळी गप्प न बसता लिहितो आहे.

हिशेबाचा आणखी एक नियम आहे. बुडालेली उधारी पुढे वसूल झाली, तर ती ऋणकोच्या खाती जमा होत नाही. ती आपल्याच नफ्यात धरली जाते. मामा परत आला तर आपण त्याच्यावर उपकार केले, असे कोणी समजू नये. नफा आपला आहे.