यजमानाच्या कोट्याला गुणवत्ता कोणी विचारली?

११ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर भारताच्या १७ वर्षांखालील मुलींचा संघ विश्वचषकाचा पहिला सामना खेळायला उतरला. समोर अमेरिका होती. निकाल ०-८. तीन दिवसांनी मोरोक्कोकडून ०-३ आणि १७ तारखेला ब्राझीलकडून ०-५ असा पराभव झाला. तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले आणि एकही करता आला नाही. नोंदवहीत एवढेच उरले. अनेकांनी नाके मुरडली, काहींनी चेष्टा केली आणि देश पुन्हा क्रिकेटकडे वळला.

त्याच दिवसांत आणखी एक बातमी आली होती. संघाची कर्णधार अष्टम उरांव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील आदिवासी मुलगी. ती विश्वचषकात देशाचे नेतृत्व करणार म्हणून सरकारला तिच्या गावाची आठवण झाली आणि गावापर्यंत रस्ता करण्याचे काम निघाले. रस्त्याला तिचेच नाव द्यायचे ठरले आणि त्या रस्त्यावर रोजंदारीने खडी-माती वाहत होते तिचे आई-वडील! मुलगी देशाची कर्णधार आणि तिच्या सन्मानाच्या रस्त्यावर आई-बाप मजूर. या एका बातमीत भारतीय व्यवस्थेचे सगळे चरित्र आले आहे. म्हणून ०-१६ या आकड्याकडे आपण इतरांच्या नजरेने पाहून चालणार नाही. तो आकडा कोणाचा, हे आधी ठरवले पाहिजे.

पहिला प्रश्न असा की, हा संघ विश्वचषकात पोहोचला कसा? पात्रता फेरी जिंकून नव्हे. स्पर्धा भारतात होती आणि यजमान देशाला थेट प्रवेश मिळतो, म्हणून पोहोचला. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हाही आपला संघ याच दाराने आत गेला होता. साध्या मराठीत याला कोटा म्हणतात. पण त्या वेळी 'गुणवत्तेचे काय?' असे कोणी विचारले का? पात्र ठरलेल्या एखाद्या देशाची जागा आपण अडवली, असा अग्रलेख कोणी लिहिला का? नाही लिहिला. उलट ही देशासाठी सुवर्णसंधी आहे, मुलांना अनुभव मिळेल, त्यातून उद्याचे खेळाडू घडतील, असेच सर्वांनी सांगितले आणि ते बरोबरच सांगितले. मात्र हाच युक्तिवाद एखादी वस्तीतली मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेते तेव्हा का आठवत नाही? देशाला मिळालेला कोटा ही संधी आणि वंचितांना मिळालेला कोटा ही खैरात, हा न्याय कोणता?

यजमान कोट्याला आमचा विरोध नाही. उलट आमचे म्हणणे त्यानेच सिद्ध केले आहे. २०१७ च्या संघाचा हिशेब पाहा. दिल्लीत अमेरिकेविरुद्ध ०-३, कोलंबियाविरुद्ध १-२, घानाविरुद्ध ०-४. एक गोल केला, नऊ खाल्ले. कोलंबियाविरुद्धचा तो एकमेव गोल जॅक्सन सिंगचा. विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. हा मुलगा मणिपूरचा. २१ जणांच्या त्या संघात मणिपूरचे आठ खेळाडू होते. कर्णधार अमरजीत सिंगची आई इम्फाळच्या बाजारात मासे विकायची. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच संघात होता. त्याचे वडील रिक्षाचालक. अनिकेत घडला तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत. कोणा धनाढ्याच्या क्लबने त्याला शोधले नाही, सरकारी वसतिगृहाने आधी त्याला हात दिला. क्रीडा प्रबोधिनीचे दार उघडे नसते, तर हा मुलगा कोल्हापूरच्या पेठेतल्या स्पर्धांपुरताच राहिला असता.

तीन पराभवांनंतर ही मुले घरी पाठवून दिली गेली नाहीत. 'इंडियन ॲरोज' या नावाने त्यांचा संघ आय-लीगमध्ये मोठ्या खेळाडूंविरुद्ध उतरवण्यात आला. ती हरली, शिकली, पुन्हा खेळली. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधील स्पर्धेत भारताच्या २० वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाच्या त्याच वयोगटातील संघाला २-१ असे हरवले. त्या दोन गोलांपैकी एक अन्वर अलीचा, जो २०१७ च्या संघात होता. पुढे जॅक्सन, सुरेश वांगजम, अन्वर हे देशाच्या मुख्य संघात आले. म्हणजे काय झाले? आधी संधी मिळाली, मग तयारी झाली आणि गुणवत्ता त्यानंतर दिसली. बहुजन समाज पिढ्यान् पिढ्या हेच सांगत आला आहे. गुणवत्ता आकाशातून पडत नाही, तिला मैदान लागते, पोटभर अन्न लागते आणि हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची मुभा लागते.

गुणवत्ता असूनही संधी नाकारल्याचा इतिहास तर आपल्या दारातलाच आहे. पुण्याच्या मैदानावर घडलेला पळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला, पण हिंदू जिमखान्याच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधी दिले गेले नाही. त्याच्या हातचा चेंडू चालत होता, हातचा पेला चालत नव्हता. तेव्हा गुणवत्तेचे हे पुजारी कोठे होते?

आता मुलींच्या वाट्याला काय आले ते पाहू. त्यांचा विश्वचषक आधी २०२० मध्ये होणार होता. कोरोनामुळे तो पुढे ढकलला आणि नंतर रद्दच झाला. भारताला २०२२ ची स्पर्धा मिळाली, पण पहिल्या स्पर्धेसाठी तयार केलेल्या मुली तोवर वयाने बाद झाल्या होत्या. त्या पोरींची एक आख्खी तुकडी चेंडूला पाय न लावता विश्वचषकातून बाहेर गेली. त्यांची नावे आज कोणाच्या ध्यानात नाहीत. नव्या मुलींचे जमशेदपूरचे शिबीर स्पर्धेच्या वर्षातच झाले. त्यातच युरोप दौऱ्यावर असताना संघाच्या सहायक प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला आणि त्याला पदावरून काढावे लागले. ज्याच्या भरवशावर आई-बापांनी पोरी परदेशी धाडल्या, तोच आरोपी!

एवढ्यावर भागले नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत २०२० च्या अखेरीस संपली होती, तरी निवडणूक झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रशासकीय समिती नेमावी लागली. त्यावर फिफाने ऑगस्टमध्ये 'त्रयस्थांचा हस्तक्षेप' म्हणत भारतालाच निलंबित केले. २६ ऑगस्टला निलंबन उठले, पण विश्वचषक तोंडावर आलेला असताना हातची स्पर्धा जाते की काय, या घोरात त्या मुलींनी दिवस काढले. खुर्ची सोडवत नव्हती मोठ्यांना आणि टांगती तलवार होती सोळा वर्षांच्या पोरींच्या मानेवर. म्हणून सांगतो, त्या सोळा गोलांतले किती गोल मैदानात झाले आणि किती दिल्लीच्या कार्यालयांत, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

२१ जणींच्या त्या संघात सहा मुली एकट्या झारखंडच्या होत्या. खेळाडू द्यायचे झारखंडच्या पाड्यांनी, मणिपूरच्या खेड्यांनी. निर्णय घ्यायचे कोणी? महासंघाच्या कार्यकारिणीत, निवड समित्यांत, राज्य संघटनांच्या कार्यालयांत या समाजांचे किती लोक बसतात? मैदानावरचा घाम एकाचा आणि टेबलावरची सही दुसऱ्याची, ही वाटणी आपल्याला नवी नाही. २०२२ च्या निवडणुकीत कल्याण चौबे हे माजी खेळाडू अध्यक्ष झाले, ही सुधारणाच म्हणावी लागेल. पण खेळाडू अध्यक्ष होणे आणि वंचितांना प्रतिनिधित्व मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या राज्यानेही आत्मपरीक्षण करावे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' म्हणून राज्यभर लाखो मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावले. छायाचित्रे छान निघाली. १६ सप्टेंबरला काय झाले? ज्या शाळेला मैदानच नाही तिने तो चेंडू कपाटात ठेवला. २०२२ च्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या नवी मुंबईत झाला. त्या झगमगाटापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वस्त्यांतल्या किती मुलींना आज रोज संध्याकाळी खेळायला जागा आहे?

निराश होण्याचे मात्र कारण नाही. १९७४ साली भारताच्या युवा संघाने इराणसोबत आशियाई युवा स्पर्धेचे संयुक्त विजेतेपद मिळवले होते. २०१८ मध्ये गोव्याचे बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखाली १६ वर्षांखालील मुले आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून अवघ्या एका गोलाने हरली. तो सामना जिंकला असता, तर कोटा न लागता विश्वचषकाचे दार उघडले असते. आणि २०२५ मध्ये दोन निकाल आले. ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानला २-१ ने हरवून आणि नोव्हेंबरमध्ये त्याच वयोगटातील मुलांनी इराणला २-१ ने हरवून आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली. या वेळी यजमान म्हणून थेट प्रवेश नव्हता, कोणाची मेहेरबानी नव्हती. २०२२ ला ज्यांची चेष्टा झाली, त्यांच्याच धाकट्या बहिणींनी दिलेले हे उत्तर आहे.

मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात मुलींना हक्काचे मैदान, आश्रमशाळा आणि वसतिगृहांत कायमस्वरूपी प्रशिक्षक, मुलींच्या प्रत्येक संघासोबत जबाबदार महिला अधिकारी, विजयानंतरच्या सत्काराऐवजी आधीचा खुराक आणि शिक्षणाचा खर्च, आणि खेळाच्या कारभारात खेळणाऱ्या समाजांचे प्रतिनिधित्व. मुलगी कर्णधार झाल्यावर गावाला रस्ता देणे हा सन्मान नव्हे. तो रस्ता ती जन्मली तेव्हाच असायला हवा होता आणि त्यावर राबणाऱ्या तिच्या आई-बापाला पुरेशी मजुरीही. आपल्या वस्तीत एखादी पोरगी चेंडू घेऊन भिंतीवर मारत असेल, तर तिला हटकू नका. तिच्यासाठी मैदान मागायला ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत उभे राहा.