पोरगं बेटावर, बाप गल्ल्यावर: वीकेंड ट्रिपचा हिशेब मांडायचा कुणी?



आजचा विषय घरातला आहे, पण शेवटी तो गल्ल्यापाशीच येऊन थांबतो.

सातारा-सांगलीकडच्या दुकानदारांची मुलं आता परदेशात शिकतात. सिंगापूर त्यातलंच एक ठिकाण. मग एका रविवारी मुलाच्या स्टेटसला फोटो येतो: निळं पाणी, नारळाची झाडं, डोळ्यांवर गॉगल. इकडं वडील म्हणतात, "आम्ही रविवारीसुद्धा शटर वर करतो आणि हा तिकडं समुद्रावर!" तिकडं मुलगा म्हणतो, "पप्पा, सगळे जातात हो. स्वस्तात होतं. मी काय खोलीतच बसू?" पुढच्या वेळेपासून तो स्टेटस ठेवताना वडिलांना वगळतो. भांडण मिटलेलं नसतं, फक्त दिसेनासं झालेलं असतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. जावं की जाऊ नये, हा प्रश्नच नाही. एका ट्रिपची किंमत दोघं वेगवेगळ्या मापात मोजतात आणि आपलं माप समोरच्याला सांगत नाहीत. खरी अडचण तिथं आहे.

आधी खर्च मांडू

सिंगापूरच्या तानाह मेराह धक्क्यावरून फेरी बोट पकडली की तासाभरात इंडोनेशियाचं बिंतान बेट येतं. ऐकायला वाई-सातारा अंतर वाटतं, पण देश बदलतो. भारतीय पासपोर्टवर तिथं पोचल्यावर व्हिसा मिळतो, त्याची फी ५ लाख इंडोनेशियन रुपिया, म्हणजे आपले साधारण अडीच-तीन हजार रुपये. त्यात बोटीचं जाऊन-येऊन भाडं, राहणं, खाणं, बेटावरची गाडी. समजा, सगळं मिळून ३०० सिंगापूर डॉलर झाले. सोयीसाठी डॉलर ७० रुपयांचा धरू. झाले २१ हजार.

आता दोन मापं बघा.

वडिलांचं माप: होलसेल किराण्यात सगळा खर्च जाऊन समजा ७ टक्के हातात राहतात. मग २१ हजार रुपये शिल्लक पडायला ३ लाखांचा माल विकावा लागतो. नीट वाचा, ३ लाखांची विक्री.

मुलाचं माप: सिंगापूरमध्ये ठरावीक मान्यताप्राप्त संस्थांत पूर्णवेळ शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला १६ तासांपर्यंत काम करता येतं. तासाला १० डॉलर मिळतात असं धरलं, तर ही ट्रिप म्हणजे ३० तासांचं काम. जवळजवळ दोन आठवडे.

मुलाला ३ लाखांच्या विक्रीचा आकडा कधी कुणी सांगितलेला नसतो. वडिलांना ते ३० तास माहीत नसतात. एक म्हणतो उधळपट्टी, दुसरा म्हणतो एवढ्यातेवढ्यावरून बोलतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणूनच भांडण संपत नाही.

पैसा कुठल्या डब्यातला?

किती खर्च झाला यापेक्षा कुठून झाला हे मी आधी विचारेन. पोरानं ३० तास राबून मिळवलेला पैसा असेल, तर वडिलांनी तोंड उघडू नये. खुशाल जाऊ दे. एज्युकेशन लोनमधला असेल, तर शिकताना हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं. आणि वडिलांनी दुकानाच्या सीसी खात्यातून उचलून पाठवला असेल, तर ती ट्रिप नाही, ते खेळतं भांडवल आहे. सांगलीत हळदीच्या सीझनला ज्याचा पैसा मालात अडकलेला असतो, त्याला विचारा, त्या महिन्यात २१ हजार म्हणजे काय ते.

आपल्याकडं बाहेर जाणं नवीन नाही. विटा-खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरले. पाटण-जावळीची माणसं मुंबईत माथाडी झाली. पण तेव्हा माणूस बाहेर जायचा आणि पैसा घरी यायचा. आता माणूसही बाहेर जातो आणि पहिली काही वर्षं पैसाही त्याच्यामागून जातो. दिशा उलटी झाली, घरातलं बोलणं मात्र जुनंच राहिलं. तेव्हा मनीऑर्डर आली की घरात हिशेब व्हायचा. आता पैसे पाठवले की कुणी हिशेब मागत नाही, फक्त फोटो बघून चिडतं.

मग जाऊच नये का?

जावं! मी पोराच्या बाजूनंच आहे. पण धंदेवाल्याच्या पोरानं बेटावर फक्त पोहून येऊ नये. शनिवार-रविवारी बोटीचं तिकीट महाग का आणि मधल्या वारी स्वस्त का? मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला. मग व्हिसाच्या फीपुरतं तरी त्यांचं तिओमान बेट आपल्याला स्वस्त नाही का पडत? आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाळी वाऱ्यांमुळं तिओमानची बरीचशी हॉटेलं बंद असतात, तर ते लोक वर्षाचा खर्च आठ-नऊ महिन्यांत कसा काढतात?

हा शेवटचा प्रश्न आपलाच आहे. कासला फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर. नंतर तिथल्या चहावाल्यानं काय करायचं? तापोळ्याच्या बोटवाल्यानं भर पावसात काय करायचं? सीझनचा धंदा दुसरीकडं कसा चालतो हे बघून आलेलं पोरगं उद्या आपल्या भागात कामाला येईल. मग त्या २१ हजारांतला थोडा भाग तरी शिकण्याच्या खात्यावर टाकायला माझी हरकत नाही.

या रविवारचा गृहपाठ

मुलाला व्हिडिओ कॉल लावा. ओरडायचं नाही. आधी तुम्ही तुमचं माप सांगा: दुकानात शंभर रुपयांच्या विक्रीमागं हातात किती उरतात. मग त्याला त्याचं माप विचारा: तासाला किती मिळतात, भाडं-जेवण जाऊन उरतात किती. दोघांनी मिळून वर्षाची फिरण्याची एक रक्कम ठरवा. तेवढी त्याची. त्यात तो कुठं गेला, कुणाबरोबर गेला, विचारायचं नाही. रक्कम संपली तर मागायचं नाही.

यातला अवघड भाग मुलाचा नाही, वडिलांचा आहे. आपल्या धंद्यात नक्की किती उरतं हे पोटच्या पोराला सांगायला बरेच जण कचरतात. पण जे पोरगं उद्या दुकान सांभाळणार किंवा विकणार आहे, त्याला तो आकडा आज कळला तर बिघडलं कुठं?