निर्णय घेणारा कुठे बसतो?

चीनमधल्या शहरात नवा फ्लॅट घेतला की बऱ्याचदा हाती येतात त्या नुसत्या सिमेंटच्या भिंती. फरशी नाही, आतली दारं नाहीत. मग घरमालक मिस्त्री-सुतार लावून घर सजवून घेतो. अशा देशात २००६ मध्ये होम डेपो ही अमेरिकी कंपनी बारा दुकानं विकत घेऊन उतरली. तिचा बराचसा धंदा ‘घरचं काम स्वतः करा’ या सवयीवर उभा. मजूर परवडत असताना हातात ड्रिल कोण धरणार? २०१२ मध्ये तिने उरलेली सात मोठी दुकानं बंद केली.

परदेशी कंपनी चीनमधून परतली की आपण लगेच सरकारी जाचाकडे बोट दाखवतो. जाच आहेच. गूगलने २०१० मध्ये सेन्सॉरशिप नाकारून तिथला सर्च गुंडाळला आणि ते योग्यच केलं. पण ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या अमेरिकी कंपनीला तिच्या मुख्यालयानेच हरवलं, असं माझं ठाम मत आहे. २००३ मध्ये तिने ईचनेट ही आघाडीची चिनी साइट पूर्ण ताब्यात घेतली आणि पुढच्याच वर्षी तिचा कारभार अमेरिकेतल्या सर्व्हरवर हलवला. साइट मंदावली. चिनी गिऱ्हाइकाला विकणाऱ्याशी बोलायचं असतं, घासाघीस करायची असते. ताओबाओ या प्रतिस्पर्धी चिनी साइटने तिथल्या तिथे गप्पांची सोय दिली, विक्रेत्यांकडून शुल्क घेतलं नाही, आणि माल हाती पडेपर्यंत पैसे अलीपे या पैसे भरण्याच्या सेवेत राखून ठेवले. २००६ च्या अखेरीस ईबेने आपली चिनी साइट बंद केली.

याउलट केएफसी. १९८७ मध्ये बीजिंगच्या छियानमेन भागात पहिलं दुकान निघालं. पुढे तैवानमध्ये जन्मलेल्या सॅम सू यांनी कंपनीचा चीनमधला कारभार वर्षानुवर्षं सांभाळला आणि मेनू शांघायमध्ये ठरू लागला. म्हणून तर तिथे सकाळी भाताची पेज मिळते, आणि २००८ पासून योउत्याओही, म्हणजे तेलात फुलवलेली मैद्याची लांब कांडी, जी चिनी माणूस लहानपणापासून न्याहारीला खातो. अमेरिकेतल्या साहेबाला हे सुचलं नसतं. २०१६ मध्ये चीनचा धंदा मूळ कंपनीपासून वेगळाच केला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये चीनमधल्या केएफसीची संख्या दहा हजारांवर गेली.

आता स्टारबक्सही त्याच वाटेवर आहे. ती १९९९ पासून चीनमध्ये आहे. स्वस्त कॉफी विकणाऱ्या लकिन या चिनी कंपनीने तिला मागे टाकलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने चीनमधल्या धंद्याचा ६० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा बोयू कॅपिटल या चिनी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा करार जाहीर केला.