तंजावरची सीमारेषा

पद आणि व्यक्ती, पक्ष आणि सरकार, संस्था आणि तिचा संस्थापक. परस्परांत गुंतलेल्या अशा जोड्या वेगळ्या करता येतात काय, हा वाद संसदेत या ना त्या रूपाने उपस्थित होतच असतो. त्याचा एक जुना, बोलका दाखला तंजावरात आहे.

1799 च्या तहाने कंपनी सरकारने तंजावरचा कारभार आपल्याकडे घेतला. दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला आणि राजेपद तेवढे उरले. सत्ता गेली; सरस्वती महाल ग्रंथालय मात्र त्यांच्याच हातून बहरले. 1855 मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने उरलेसुरले राज्यही खालसा केले. पाठोपाठ वाड्यातील खासगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. राज्य गेले तरी घरची चीजवस्तू आमची, हे त्यांचे म्हणणे मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मात्र तो निकाल फिरविला. जप्ती ही राजसत्तेची कृती असून तिच्या न्याय्यतेविषयी मत देण्याचा अधिकारच न्यायालयास नाही, अशी ही भूमिका. पुढे 1862 मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली; हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून.

याचा अर्थ, राज्य आणि घर वेगळे करणे अशक्य कधीच नव्हते. 1859 पर्यंत जे एक मानले गेले, ते तीनच वर्षांत दोन झाले. बदलली ती वस्तुस्थिती नव्हे, सत्तेची मर्जी. म्हणूनच सीमारेषा कोठे असावी यापेक्षा ती कोण ओढतो आणि त्याला जाब विचारता येतो काय, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही. तरीही कलम 300-अ नुसार कायद्याच्या आधाराविना कोणाची मालमत्ता हिरावता येत नाही. कामाक्षीबाईंना जे नाकारले गेले, ते हेच.

प्रत्येक गाठ सोडवलीच पाहिजे असे मात्र नाही. बृहदीश्वराच्या चोळकालीन मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास 1803 मध्ये मराठीत कोरला गेला. तंजावरच्या मोडी दफ्तरात भाषा मराठी आणि मुलूख तमिळ आहे. ते कागद वाचायला मोडी जाणणारा हवा, उमगायला कावेरीकाठ ओळखणारा. मुंबई आणि चेन्नई यांनी हे काम आपसांत वाटून न घेता एकत्र बसून करावे, यातच शहाणपण आहे.