सोपे, पण कोणासाठी?

आमच्या दवाखान्यात गेली पंधरा वर्षे नावनोंदणी सांभाळणाऱ्या ताईंनी एका सकाळी मला हाक मारली. "सर, काल कोपऱ्यात असलेलं बटण आज मधे कसं आलं?" आदल्या रात्री संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाने विंडोज १० च्या जागी विंडोज ११ बसवले होते. लसीकरणाचा वार होता, बाहेर बाळांचा आक्रोश चालला होता, आणि रोज न पाहता होणाऱ्या कामासाठी ताईंना पडदाभर शोध घ्यावा लागत होता. त्या स्वतःलाच दोष देत होत्या. मला ते खटकले.

ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात मिसळायचे असते. एखाद्या आईने ते पेलाभर पाण्यात कालवले, तर बाळाच्या जिवावर बेतू शकते. तरी आपण त्या आईला अडाणी म्हणत नाही, आपले सांगणे कोठे कमी पडले ते पाहतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलट वागतो. न कळणारा वापरकर्ता अडाणी ठरतो आणि रचना करणारा विद्वान!

वास्तविक प्रत्येक प्रणालीत विसंगती आहेत. विंडोज ९५ पासून कित्येक वर्षे संगणक बंद करण्यासाठी 'स्टार्ट' दाबावे लागे. २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते बटणच नाहीसे झाले, लोक गोंधळले आणि २०१३ च्या ८.१ मध्ये ते परत आले. सुलभतेसाठी नावाजलेल्या मॅकवर पूर्वी फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचे चित्र कचरापेटीत टाकावे लागे. मजकूर पुसला जाईल या भीतीने नवख्याचा हात थबकावा, यात नवल नाही. आजही मॅकवर लाल ठिपका दाबला की बहुधा खिडकी मिटते, प्रोग्रॅम चालूच राहतो.

यावरून माझे मत असे बनले आहे, की ज्याला आपण सोपेपणा म्हणतो, त्याचा मोठा भाग सवयीचा असतो. म्हणूनच सवय विनाकारण मोडणे हा सामान्य माणसावरचा अन्याय आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरगुती वापरकर्त्यांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली. पण धडधाकट असूनही विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक निकालात निघाले. आमच्याकडचा दुसरा संगणक त्यांपैकीच. रुग्णांची माहिती असलेले यंत्र सुरक्षा-दुरुस्त्यांविना चालवणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून त्यावर लिनक्स मिंट बसवून घेतले. लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टंकणे, हा माझा समज दूर झाला. मिंटमध्ये मेनू डाव्या कोपऱ्यात, जेथे ताईंचा हात आपोआप जातो तेथेच! इनस्क्रिप्ट कळफलक आणि युनिकोड असल्याने मराठी व हिंदी सूचनापत्रकेही बिनबोभाट टंकली गेली. आठवडाभरात त्या रुळल्या.

परंतु येथेच लिनक्सचा जयजयकार करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमची बिले करणारे सॉफ्टवेअर त्यावर चालले नाही आणि जुन्या लेबल-प्रिंटरने असहकार पुकारला. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते, "फक्त विंडोज." शिवाय विंडोज बिघडले तर गल्लीत चार जण धावून येतात, लिनक्ससाठी इंदूरसारख्या शहरातही जाणकार शोधावा लागला. घरी मुलीचा मॅक आहे. तो सुबक आहे, कुरकुरतही नाही. पण त्याची किंमत प्रत्येक दवाखान्याला परवडेल असे म्हणवत नाही.

तेव्हा कोणती प्रणाली श्रेष्ठ, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. आपण औषधाची मात्रा बाळाचे वजन पाहून ठरवतो, तसे येथेही वापरणारा पाहावा. रोजचे काम नवख्याला किती दिवसांत जमते? आपली सॉफ्टवेअर व प्रिंटर त्यावर चालतात का? बिघडल्यास हाकेला कोण येईल? ज्यांचे काम इंटरनेट, पत्रव्यवहार आणि छपाई एवढेच आहे, त्यांनी जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी लिनक्स अवश्य अजमावावे. ज्यांची नाळ विशिष्ट सॉफ्टवेअरशी जोडलेली आहे, त्यांनी तूर्त विंडोजवरच राहावे, मात्र आधार चालू असलेल्या आवृत्तीवर. आणि प्रणाली कोणतीही असो, बदलापूर्वी सर्व माहितीची वेगळी प्रत काढून ठेवावी.

एक काम मात्र एकेकट्याने होणारे नाही. दवाखान्याचे सॉफ्टवेअर घेताना ते कोणत्याही प्रणालीवरील ब्राउझरमध्ये चालावे आणि आपली माहिती आपल्याला सहज बाहेर काढता यावी, हा आग्रह आपण वैद्यकबंधू-भगिनींनी संघटितपणे धरला पाहिजे. एकट्या डॉक्टरला विक्रेता दाद देत नाही. शंभर जणांना द्यावीच लागेल. तोवर निदान आपल्या ताईंना एवढे तरी सांगू या, की बटण हरवले यात त्यांचा काहीही दोष नाही.