‘बोलायचंय’चं ‘बोलेन’ होतं तेव्हा

गेल्या भागात स्पॅनिशचा वर्तमानकाळ करताना आपण हातात कात्री घेऊन बसलो होतो. ‘आब्लार’ म्हणजे बोलणं. त्यातला ‘आर’ कापायचा, मग ‘आब्लो’, म्हणजे मी बोलतो किंवा बोलते. शिवाय आर, एर, इर या तिन्ही गटांचे प्रत्यय वेगळे. भविष्यकाळात ही कटकट नाही. क्रियापद अख्खं घ्यायचं आणि मागे प्रत्यय जोडायचा. तिन्ही गटांना तेच सहा प्रत्यय:

मी – आब्लारे
तू – आब्लारास
तो, ती किंवा आदरार्थी ‘उस्तेद’ – आब्लारा
आम्ही, आपण – आब्लारेमोस
तुम्ही – आब्लारेइस
ते, त्या – आब्लारान

‘कोमेर’ म्हणजे खाणं, जेवणं: कोमेरे, कोमेरास, कोमेरा. ‘बिबिर’ म्हणजे राहणं: बिबिरे, बिबिरास, बिबिरा. लॅटिन अमेरिकेत तर ‘आब्लारेइस’ वापरतच नाहीत. ‘तुम्ही’साठीही ‘आब्लारान’ चालतं. म्हणजे पाचच रूपं उरली.

सहा रूपं ऐकून घाबरू नका. बोलेन, बोलशील, बोलेल, बोलू, बोलाल, बोलतील – तुम्ही सहा रोजच वापरता. आणखी एक गंमत इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना चटकन कळेल. हिंदीत मुलगा ‘आऊँगा’ म्हणतो, मुलगी ‘आऊँगी’. मराठीत दोघंही ‘येईन’च म्हणतात. स्पॅनिशही इथे आपल्यासारखीच आहे.

आता हे प्रत्यय आले कुठून? स्पॅनिशमध्ये ‘आबेर’ हे क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ ‘जवळ असणं’. त्याची वर्तमानकाळातली रूपं मोठ्याने म्हणा: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. ओळखीची वाटली ना? जुन्या काळी बोलचालीच्या लॅटिनमध्ये ‘मला गायचं आहे’ अशा अर्थी ‘कान्तारे हाबेओ’ म्हणत. बोलता बोलता दोन शब्द चिकटले आणि त्याचं ‘कान्तारे’ झालं: मी गाईन. जे करायचं होतं, ते करीन असं झालं.

पोर्तुगीजमध्ये हा सांधा अजून दिसतो. औपचारिक लिखाणात ‘तुला’ हा शब्द क्रियापद आणि प्रत्यय यांच्या मधोमध बसतो: ‘फालार-ते-एइ’, तुझ्याशी बोलेन. गोव्यात घरी कुणी पोर्तुगीज शिकलेले आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून पाहा.

लिहिताना एक सांभाळा. ‘आब्लारेमोस’ सोडून बाकी पाच रूपांत प्रत्ययाच्या स्वरावर तिरकी रेघ असते आणि जोरही तिथेच. ‘आब्लारा’वरची रेघ विसरलात आणि जोर ‘ब्ला’वर दिलात, तर ‘बोलेल’ जाऊन ‘बोलला तर’ या जर-तरच्या वाक्यातलं रूप येतं. परीक्षेत गुण जातात ते बहुतेक इथेच. डझनभर क्रियापदं भविष्यकाळात अंगानेही बदलतात, पण प्रत्यय हेच राहतात. ती पुढच्या भागात.

हा काळ अंदाजालाही चालतो. ‘एस्तारा एन कासा’ म्हणजे ‘घरी असेल’. ‘सेरान लास सिंको’ म्हणजे ‘पाच वाजले असतील’. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं. आपल्याला ‘असेल’ आईच्या तोंडूनच मिळालेलं आहे.

आता गृहपाठ. ‘मान्याना आब्लारे कोन मि आबुएला’: उद्या मी आजीशी बोलेन. हे वाक्य पाच वेळा लिहा. आजीला फोन करायचाय, करायचाय, असं आपण आठवडाभर म्हणत असतो आणि ती तिकडे मनाशी म्हणते, ‘अभ्यासात असेल.’ तेव्हा ‘करायचाय’चं ‘करीन’ करा. आणि उद्या तो फोन खरंच लावा. हे वाक्यही तिला ऐकवा.